शुद्ध हवा, परंतु निद्रा राखून

गेल्या हिवाळ्यात सिडको परिसरातील तमकश्वासाच्या एक वृद्ध रुग्णा तपासणीस आल्या होत्या. पुण्यास नोकरी करणाऱ्या मुलाने आईसाठी हवा शुद्ध करणारे यंत्र पाठविले होते. परंतु पहाटेचा श्वासवेग पूर्वीप्रमाणेच होता. यंत्र नियमित चालते ना, असे विचारता त्या म्हणाल्या, "दिवसा लावते हो डॉक्टर. रात्री त्याची घरघर सहन होत नाही, डोळाच लागत नाही. म्हणून बंद करते." ज्या आठ तासांसाठी यंत्र घेतले, नेमक्या त्याच आठ तासांत ते बंद! प्रस्तुत लेखनप्रपंच त्या निमित्ताने.

आपल्या शहराच्या हवेविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. केंद्र शासनाने २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला, तेव्हा हवेची मानके न पाळणाऱ्या शहरांच्या यादीत तत्कालीन औरंगाबादचे नाव होते. शेजारच्या जालन्याचेही होते. वाळूज, चिकलठाण्याची कारखानदारी, जालना रोडची वाहतूक, खोदलेले रस्ते, जाळला जाणारा कचरा आणि कोरड्या पठाराची मूळचीच धूळ, अशी ही सामग्री आहे. श्वास घेताना खोलवर जाणाऱ्या २.५ मायक्रॉनहून सूक्ष्म धुळीची आपल्या देशातील वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ती ५ सुचविली. त्यामुळे रुग्ण आज आपणास केवळ पथ्य विचारत नाहीत, यंत्र कोणते घ्यावे हेही विचारतात. आपण "ते आमचे काम नव्हे" म्हणून हात झटकले, तर त्यांना सल्ला विक्रेत्याचा मिळेल.

वस्तुतः विषय आपल्या शास्त्राबाहेरचा नाही. रज व धूम हे श्वासाचे हेतू म्हणून चरकाचार्यांनी सांगितलेच आहेत. विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसाच्या अध्यायात अनारोग्यकर वायूची लक्षणे मोजताना असात्म्य गंध, बाष्प, वाळू, धूळ व धूर यांचा उल्लेख आहे, हे आपण सर्व जाणतो. पण त्याच यादीत भयंकर आवाज करणारा वायूही अनारोग्यकर म्हटला आहे, याकडे आपले लक्ष क्वचित जाते. तेथे अभिप्रेत आहे तो वादळी वारा, हे खरे. तरीही धूळ आणि नाद हे दोन्ही दोष आचार्यांनी एकाच ठिकाणी मोजावेत, ही गोष्ट मननीय आहे. शिवाय निद्रा हा तीन उपस्तंभांपैकी एक. एका उपस्तंभावर घाव घालून श्वासाचे रक्षण होणार नाही.

म्हणून माझे स्पष्ट मत असे, की शयनगृहासाठी यंत्र निवडताना शांतता हा चैनीचा नव्हे, तर पहिला निकष मानावा. उत्तम काढाही रुग्णाच्या घशाखाली उतरला तरच गुण देतो. बंद ठेवलेल्या यंत्राचे तसेच आहे.

येथे ग्राहकाची सर्वांत मोठी फसगत खोक्यावरील दोन आकड्यांनी होते. एक आकडा तासाला किती घनमीटर शुद्ध हवा मिळते याचा, ज्यास सी.ए.डी.आर. म्हणतात. दुसरा आवाजाचा, डेसिबलमध्ये. पहिला आकडा यंत्राच्या सर्वोच्च वेगाचा असतो, तर ठळक छापलेला दुसरा पुष्कळदा किमान वेगाचा. दोन्ही खरे, पण एकाच वेळी खरे नव्हेत! पूर्ण वेगावर बहुतेक यंत्रे ५० डेसिबल वा त्याहून अधिक आवाज करतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शनानुसार शयनगृहातील अखंड आवाज रात्री ३० डेसिबलच्या आत असावा. दर १० डेसिबल वाढीस कानाला आवाज सुमारे दुप्पट वाटतो, हे ध्यानी घेतले म्हणजे अंतर समजेल.

उपाय साधा आहे. १२ बाय १० फुटांची, १० फूट उंचीची खोली सुमारे ३४ घनमीटरची होते. तासातून पाच वेळा तेथील हवा गाळली जावी असे धरल्यास १७० घनमीटर लागतात. नेमके १७० चे यंत्र घेणारा मनुष्य ते रात्री मंद वेगावर ठेवतो आणि त्यास अपुरी हवा मिळते. त्याऐवजी ३५० च्या आसपासचे यंत्र घेऊन ते मध्यम वेगावर चालवावे. मोठे यंत्र सावकाश चालणे हीच शांततेची गुरुकिल्ली. विक्रेत्यास एकच प्रश्न विचारावा: "मध्यम वेगावर हवा किती आणि आवाज किती?" उत्तर नसेल तर घाई करू नये. दुकानाच्या गलबल्यात आवाजाची परीक्षा होत नाही. शक्यतो परत घेण्याच्या बोलीवर यंत्र आणून एक रात्र स्वतःच्या खोलीत चालवून पाहावे.

आणखी काही गोष्टी. गाळणी अस्सल हेपा असावी. ती सूक्ष्म धूळ अडविते, वायू व गंध नव्हे. त्यासाठी कोळशाचा थर वेगळा लागतो. ओझोन सोडून हवा 'ताजी' करणारी यंत्रे श्वासाच्या रुग्णास वर्ज्यच, कारण ओझोन स्वतः श्वसनमार्गाचा क्षोभ करतो. स्वयंचलित वेगापेक्षा रात्री स्थिर वेग बरा. एकसारखा मंद नाद कान विसरतो, मध्येच चढणारा जागे करतो. यंत्र उशीपासून चार-पाच फुटांवर, भिंतीस न चिकटविता, न हलणाऱ्या बैठकीवर ठेवावे. नव्या गाळणीचा वार्षिक खर्च खरेदीपूर्वीच विचारावा.

मराठवाड्याची एक खास अडचण बाहेरचे लेखक सांगत नाहीत. मार्च ते जून आपल्या घराघरांत कूलर चालतो. कूलर बाहेरची हवा ओढतो आणि त्यासाठी खिडकी उघडी लागते. अशा खोलीत शुद्धीकरण यंत्र लावणे म्हणजे फुटक्या रांजणात पाणी भरणे होय. यंत्राचा खरा काळ दिवाळीपासून फाल्गुनापर्यंतचा; तेव्हा रात्री दारे-खिडक्या मिटलेल्या असतात आणि थंडीमुळे धूर जमिनीलगत साचतो. उन्हाळ्यात रुग्णाने त्यावर विसंबू नये.

धूपनाविषयीही आत्मपरीक्षण हवे. काश्यपसंहितेत धूपकल्पाचा स्वतंत्र अध्याय आहे. त्याचे प्रयोजन व मर्यादा आपणास मान्य आहेत. परंतु धूर हा धूरच. श्वासाच्या रुग्णाच्या शयनगृहात सायंकाळी धूप जाळून लगेच यंत्र लावल्यास राळयुक्त धुराने गाळणी लवकर निकामी होते आणि रुग्णाचा हेतुसेवनाचा दोष तसाच राहतो. धूपन अन्यत्र करावे, नंतर खिडक्या उघडाव्यात.

औषधालय-चालक बंधूंना दोन शब्द. उद्या आपल्या काउंटरवर असे यंत्र विक्रीस आले, तर "दमा बरा करणारे" असे एकही वाक्य आपल्या मुखातून जाऊ नये. ते निदानपरिवर्जनाचे साधन आहे, चिकित्सा नव्हे. चालू औषध त्याच्या भरवशावर कोणी थांबवू नये. आणि जेथे पिंपळी, मिरी, शुंठी कुटली जाते, त्या खोलीत घरगुती यंत्र ठेवून समाधान मानू नये. तेथे चूर्ण उडते त्या जागीच ते ओढून घेणारी व्यवस्था आणि कामगाराच्या नाकावर चांगला मास्क हवा. रुग्णाच्या घरची धूळ मोजताना आपल्या कुटाईघरातील धूळ आपणास दिसली नाही, तर या सल्ल्याला अर्थ काय?

असो. त्या आजींच्या मुलास मी यंत्र बदलण्यास सांगितले नाही. ते दिवाणखान्यातील होते, क्षमतेने मोठे. शयनगृहात आणून मध्यम वेगावर, पलंगापासून दूर, खाली रबराचा तुकडा घालून ठेवावयास सांगितले. पुढील खेपेस त्या म्हणाल्या, "आता आवाज येतो, पण ऐकू येत नाही." औषधे अर्थातच पूर्ववत चालू आहेत.