अनामत परत मिळाली, कचरा वरच राहिला

एव्हरेस्ट मोहिमांकडून कचऱ्यापोटी घेतली जाणारी ४००० डॉलरची अनामत रद्द करण्याचा निर्णय नेपाळ सरकारने डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर केला. बेस कॅम्पच्या वर गेलेल्या प्रत्येक गिर्यारोहकाने परतताना किमान ८ किलो कचरा आणून दाखवायचा आणि अनामत परत न्यायची, अशी ही योजना २०१४ मध्ये सुरू झाली होती. अकरा वर्षांत बहुतेकांनी ती रक्कम परत नेलीही. नियम पाळला गेला, पैसे परत मिळाले आणि तरीही पर्वत स्वच्छ झाला नाही, हे या योजनेचे वैशिष्ट्य म्हणावे लागेल.

कारण शोधायला फार दूर जावे लागत नाही. आणलेल्या कचऱ्याचे वजन होत असे. तो कोणत्या उंचीवरून आणला, हे कोणी पाहत नव्हते. खुंबू हिमप्रपात ओलांडला की देखरेख संपते. साहजिकच खालच्या छावण्यांतला, सहज उचलता येणारा कचरा तागडीत पडत राहिला आणि वरचा वरच साठत गेला. शिवाय सहा आठवड्यांच्या मुक्कामात एक गिर्यारोहक १२ किलोपर्यंत कचरा निर्माण करतो, असा अंदाज आहे. म्हणजे ८ किलोंची अट मुळातच अपुरी होती.

वर काय साचले आहे, याची कल्पना नेपाळी लष्कराच्या मोहिमांतून येते. २०१९ मध्ये सुमारे ११ टन कचरा आणि ४ मृतदेह खाली आणले गेले. २०२४ मध्ये जवान आणि शेर्पांच्या पथकाने पुन्हा ११ टन कचरा उतरवला; तरीही एकट्या साउथ कोलवर आणखी ४० ते ५० टन असावा, असे त्या पथकातील शेर्पांच्या प्रमुखाने सांगितले. सुमारे ७,९०० मीटर उंचीवरील या खिंडीत जुने तंबू, दोर, गॅसची नळकांडी आणि अन्नाची वेष्टने थरावर थर गोठून बसली आहेत. ती उचलायची म्हणजे आधी बर्फ फोडायचा.

या स्वच्छतेला जगभर ‘स्वयंसेवा’ म्हणण्याची पद्धत आहे. तो शब्द कोठे लागू पडतो, हे मात्र तपासून पाहायला हवे. खालच्या पायवाटांवर तो नक्कीच लागू पडतो. ‘सागरमाथा नेक्स्ट’ या प्रकल्पाच्या उपक्रमात परतणारे पदभ्रमणकर्ते वर्गवारी केलेल्या कचऱ्याची एक किलोची पिशवी नामचेकडून लुक्लाच्या विमानतळापर्यंत स्वतःच्या पाठीवरून नेतात. एक किलो कोणालाही जड होत नाही आणि या वाटेने दरवर्षी हजारो माणसे चालतात. ओझे वाटून घेण्याची ही युक्ती म्हणूनच चालते. आपल्याकडे रविवारी सह्याद्रीतल्या गडांवरून प्लास्टिकची पोती उतरवणारे तरुणही हेच करतात. गड चढून संध्याकाळपर्यंत पायथ्याच्या गावी परतता येते, ही त्यांची मोठी सोय.

साउथ कोलवर ही सोय नाही. तेथला कचरा हौशी माणूस आणत नाही, तो शेर्पा आणतो, आणि मोबदला घेऊन आणतो. १९९४ च्या अमेरिकी पर्यावरण मोहिमेने ऑक्सिजनच्या रिकाम्या बाटल्यांमागे शेर्पांना पैसे देण्याची पद्धत रूढ केली. २००८ पासूनच्या ‘इको एव्हरेस्ट’ मोहिमांनीही कचऱ्याला रोख दाम दिला. यात गैर काहीच नाही. उलट, सोसवेल तेवढा भाव मिळाल्याशिवाय त्या उंचीवरचे ओझे कोणी का उचलावे? १८ एप्रिल २०१४ रोजी खुंबू हिमप्रपातातील हिमलोटाने १६ नेपाळी कामगारांचा बळी घेतला. कचऱ्याच्या बहुतेक जादा खेपा याच हिमप्रपातातून उतरतात. स्वच्छतेच्या आकडेवारीत ही जोखीम कोठेच दिसत नाही.

भावाचा हा नियम वस्तूंनाही लागू आहे. ऑक्सिजनच्या बाटल्या आज बऱ्याच प्रमाणात खाली येतात, कारण त्या पुन्हा भरून वापरता येतात आणि महाग असतात. वाऱ्याने फाटलेल्या, बर्फात रुतलेल्या तंबूला मोसम संपताच कवडीचीही किंमत उरत नाही. काही कंपन्या तंबू टाकून देताना त्यावरील आपले बोधचिन्ह कापून नेतात, अशी तक्रार मार्गदर्शकांनी २०२३ मध्ये जाहीरपणे केली होती. जबाबदारी नेमकी कोणाची, हे त्या कंपन्यांना चांगले ठाऊक असावे, एवढाच त्याचा अर्थ.

आणि खाली आणल्यावर तरी काय? खुंबूत मोटाररस्ता नाही. धातू आणि प्लास्टिक माणसांच्या वा याकांच्या पाठीवरून लुक्लापर्यंत आणि तेथून विमानाने काठमांडूला जाते. अ‍ॅल्युमिनियमला तेथे भंगारवाला भेटतो. लेप दिलेल्या नायलॉनचे, खांब आणि साखळ्यांसह शिवलेल्या तंबूचे काय करायचे, याचे उत्तर श्रीमंत देशांतही सहज सापडत नाही. १९९१ पासून काम करणाऱ्या सागरमाथा प्रदूषण नियंत्रण समितीला, म्हणजे स्थानिकांनीच उभारलेल्या संस्थेला, हा सारा व्याप सांभाळावा लागतो. हिमनदीतून वितळून येणारे पाणी याच दरीतील गावे वापरतात, हे ध्यानात घेतले की तिची तळमळ समजते. मानवी विष्ठाही पिशव्यांतून खाली आणण्याची सक्ती ग्रामपालिकेने २०२४ मध्ये केली, तीही त्यामुळेच.

आता अनामतीऐवजी परत न मिळणारे शुल्क घ्यावे, त्यातून कायमचा निधी उभारावा आणि वरच्या छावण्यांवर नजर ठेवण्यासाठी रक्षक नेमावेत, असा प्रस्ताव आहे. शिखराचे परवाना शुल्कही सप्टेंबर २०२५ पासून ११,००० वरून १५,००० डॉलर झाले. पैसा एकदा भरला की परतफेडीचा मोह संपतो, हे खरे. पण कचरा खाली आणण्याचे कारणही त्याबरोबरच संपते. आजवर निदान ८ किलोंसाठी तरी पाठीवर ओझे घेतले जात होते. शुल्क भरलेला गिर्यारोहक ‘साफसफाईचे पैसे दिले आहेत’ असे म्हणू लागला, तर मग तंबू वरच राहील आणि तो उतरवण्याचे काम पूर्णपणे शेर्पांच्या अंगावर पडेल. त्या कामाची मजुरी आणि विमा या निधीतून किती दिला जाणार, यावर या बदलाचे फलित ठरेल. नवी तपासणी चौकी दुसऱ्या छावणीवर, म्हणजे सुमारे ६,४०० मीटरवर करण्याचा विचार आहे. साउथ कोल तेथून आणखी दीड हजार मीटर वर आहे.