गुंठ्याला १७० रुपये. उरलेले कोणाकडे मागायचे?

प्रति,
मा. अध्यक्ष,
राष्ट्रीय मानवी हक्क आयोग, नवी दिल्ली

महोदय,

कोल्हापूरहून गारगोटीला जाताना रस्त्यात बिद्री लागतं. तालुका कागल. इथल्या सहकारी साखर कारखान्याचं नाव दोन नद्यांवरून पडलंय, दूधगंगा-वेदगंगा. मी त्या कारखान्याचा एक ऊस उत्पादक सभासद. नदीकाठी जन्मलेल्या माणसाला पुराचं नवल नसतं. पाणी कुठल्या बांधापर्यंत चढणार आणि कधी ओसरणार, याचा अंदाज घरातल्या म्हाताऱ्या माणसांना असायचा आणि तो सहसा चुकत नसे. २००५ च्या महापुरानंतर तो चुकायला लागला. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै यांनी तर तो पार निकालात काढला.

कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आहे. या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. प्रयाग चिखली आणि आंबेवाडीतून माणसं, जनावरं बाहेर काढावी लागली. पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली जाऊन बंद पडला. शेजारच्या सांगली जिल्ह्यात २०१९ ला ब्रह्मनाळमध्ये पुरातून माणसं आणणारी बोटच उलटली. हे सगळं आपल्या कार्यालयात कुठल्या ना कुठल्या कात्रणातून पोचलं असेल. म्हणून मी कात्रणात न येणाऱ्या गोष्टीकडे वळतो.

ऊस हे चिवट पीक. पाणी दोन दिवसांत उतरलं तर तो सावरतो. पण पाणी आठवडाभर शेंड्यावर राहिलं की पोंग्यात गाळ बसतो आणि पोंगा कुजतो. लोळलेल्या उसाला डोळे फुटतात, कांडी पोकळ होते, वजन घटतं आणि साखरेचा उतारा पडतो. मग तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक पंचनाम्याला येतात. केंद्राने २०२२ ते २०२६ साठी ठरवलेल्या निकषांप्रमाणे, ३३ टक्क्यांहून जास्त नुकसान झालं तर बागायत पिकाला हेक्टरी १७,००० रुपये, तेही दोन हेक्टरपर्यंतच. हेक्टरचे गुंठे साधारण शंभर, म्हणजे गुंठ्याला साधारण १७० रुपये झाले. आमच्याकडे एकरी ४० टन ऊस काढणं काही विशेष मानत नाहीत. त्या हिशेबाने गुंठ्याला एक टन पडतो आणि त्याचे तीन हजारांच्या वर मिळतात. राज्य सरकार कधी वरून थोडी भर घालतं, कधी नाही. मधली तफावत शेतकऱ्याच्या सोसायटीच्या खात्यावर कर्ज म्हणून चढते.

तर माझा प्रश्न त्या तफावतीचा आहे. सरकार देतं ती मदत, भरपाई नव्हे. भरपाई नुकसान करणाऱ्याकडून घ्यायची असते, आणि आमच्या पंचनाम्यात नुकसान करणाऱ्याचं नाव लिहायला रकानाच नाही.

कोल्हापुरात पुराचा विषय निघाला की गाडी कृष्णेवरच्या अलमट्टी धरणावर जाऊन थांबते. कर्नाटक त्या धरणाची उंची ५१९.६ मीटरवरून ५२४.२५६ मीटरवर न्यायला निघालंय, म्हणून चौकाचौकात वाद असतो. राज्य सरकारने नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीने २०२० मध्ये २०१९ च्या पुराचं खापर अलमट्टीवर फोडायला नकार दिला आणि कमी वेळात कोसळलेला पाऊस व नदीपात्रातली अतिक्रमणं यांच्याकडे बोट दाखवलं. ते ऐकून आमच्यातले पुष्कळजण नाराज झाले. धरण दिसतं, त्याच्यावर मोर्चा नेता येतो. आभाळावर कसा न्यायचा?

पण त्या आभाळाचा तपास लागलेला आहे, आणि तो पुण्यातच लागला. भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात एकाच वेळी मोठ्या प्रदेशावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. तापलेला अरबी समुद्र बाष्प पुरवतो आणि ते झोडपल्यासारखं खाली येतं. समुद्र तापला तो कोळसा, तेल आणि वायू जाळून. ते कोणी उपसले आणि विकले याचीही यादी आहे. 'कार्बन मेजर्स' या नावाच्या नोंदींनुसार २०१६ ते २०२२ या वर्षांत जीवाश्म इंधन आणि सिमेंट यांतून निघालेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे ८० टक्के उत्सर्जन फक्त ५७ उत्पादकांशी जोडता येतं. त्यातल्या सगळ्यांकडूनच हे अजाणता घडलं असंही म्हणता येणार नाही. एक्झॉन या तेल कंपनीच्या स्वतःच्या शास्त्रज्ञांनी १९७०-८० च्या दशकांत तापमानवाढीचे जे अंदाज बांधले, ते बहुतांशी बरोबर निघाले, असा अभ्यास २०२३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकाने छापला. कंपनी बाहेर मात्र बरीच वर्षं शंकाच पेरत राहिली.

आपल्याला पत्र लिहिण्याचं कारण फिलिपिन्स. नोव्हेंबर २०१३ मध्ये तिथे हैयान वादळात सहा हजारांहून जास्त माणसं गेली. २०१५ मध्ये वाचलेल्या लोकांनी आणि काही संघटनांनी त्यांच्या देशाच्या मानवी हक्क आयोगाकडे, म्हणजे आपल्यासारख्याच संस्थेकडे, मोठ्या कोळसा-तेल-सिमेंट कंपन्यांविरुद्ध अर्ज केला. कंपन्या म्हणाल्या, तुम्हाला आमच्यावर अधिकारच नाही. आयोगाने तरी चौकशी चालवली. मनिलाबरोबर न्यूयॉर्क आणि लंडनमध्येही सुनावण्या घेतल्या. बहुतेक कंपन्या फिरकल्या नाहीत. मे २०२२ मध्ये अहवाल आला, त्यात या कंपन्यांनी हवामानशास्त्राबद्दल जाणूनबुजून धूळफेक केल्याचं नोंदवलं आणि त्यांना जबाबदार धरता येतं असं म्हटलं. आयोगाला दंड करायचा अधिकार नव्हता. तरी वादळातून वाचलेल्या कोळ्याची आणि शेतकऱ्याची साक्ष शपथेवर नोंदली गेली. ती आज जगातल्या कुठल्याही वकिलाला वापरता येते.

आपले अधिकारी यावर काय उत्तर देतील, ते मला ठाऊक आहे. १९९३ च्या मानवी हक्क संरक्षण कायद्याप्रमाणे आयोग तक्रारीवर चौकशी करतो ती मुख्यतः लोकसेवकाच्या वागण्याची. कंपनी लोकसेवक नाही. शिवाय कलम ३६ म्हणतं की घटनेला एक वर्ष उलटलं की चौकशी नाही. म्हणजे आमचे दोन्ही महापूर मुदतबाह्य. हवेत सोडलेला कार्बन शतकानुशतके राहतो. मुदत मात्र त्याने बुडवलेल्यांची संपते! पण त्याच कायद्याच्या कलम १२ मध्ये आणखी एक काम आयोगाला दिलंय: मानवी हक्कांच्या उपभोगात अडथळा आणणाऱ्या घटकांचा आढावा घेऊन उपाय सुचवणं. तिथे लोकसेवकाची अट नाही. मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माळढोक पक्ष्याच्या खटल्यात हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क संविधानाच्या कलम १४ आणि २१ मधून मान्य केला. हक्क आहे, त्यात अडथळा आहे, आढावा घेणारी संस्थाही आहे. मग उरलं काय?

कंपन्यांचे वकील विचारतील की तुमच्या बांधावरचा पाऊस आमच्या धुराने पडला हे कशावरून, आणि पडला तरी त्यात आमचा वाटा कितीसा? पेरूमधल्या वाराझ शहरातल्या साउल लुसियानो यिउया या शेतकऱ्याने याच प्रश्नाशी दहा वर्षं झुंज घेतली. डोंगरातली हिमनदी वितळून तळं फुगलं, ते फुटलं तर आपलं घर वाहून जाईल, म्हणून त्याने जर्मनीच्या आरडब्ल्यूई या वीज कंपनीवर २०१५ मध्ये दावा लावला. जगाच्या उत्सर्जनात कंपनीचा वाटा ०.४७ टक्के, तेव्हा बचावाच्या खर्चाचाही ०.४७ टक्के द्या, एवढीच मागणी. मे २०२५ मध्ये हामच्या न्यायालयाने घराला धोका पुरेसा सिद्ध झाला नाही म्हणून दावा फेटाळला. पण मोठा उत्सर्जक समुद्रापलीकडच्या नुकसानालाही तत्त्वतः जबाबदार ठरू शकतो, हे त्याच निकालात मान्य झालं. यात आम्हाला अवघड काही वाटत नाही. शेजाऱ्याने पाट फोडून आमच्या रानात पाणी घातलं तर गावात कोणी म्हणत नाही की पाऊसही पडत होता, सबब शेजारी मोकळा. त्याचा वाटा काढतात आणि वसूल करतात.

भारताला हे तत्त्व बाहेरून आणायचीही गरज नाही. दिल्लीच्या श्रीराम कारखान्यातल्या ओलियम वायूगळतीनंतर डिसेंबर १९८६ मध्ये आपल्याच सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की धोकादायक धंद्यातून नफा कमावणाऱ्याने झालेलं नुकसान भरून द्यायचं, काळजी घेतली होती ही सबब चालणार नाही.

आता आमच्या घरचं. 'कार्बन मेजर्स'च्या यादीत कोल इंडिया आहे, आणि बरीच वर आहे. तिला वगळून फक्त अमेरिकेच्या आणि आखातातल्या कंपन्यांना बोलावलंत तर चौकशीला अर्थ राहणार नाही. पूररेषेच्या आत भराव टाकून बांधणारे आमचेच आहेत, ओढ्यापर्यंत ऊस रेटणारेही आमचेच. साखर कारखान्यांची तर आणखी एक बाजू आहे. ऊस तोडायला बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून कोयते, म्हणजे तोडणीची जोडपी, येतात, मुकादमाकडून घेतलेल्या आगाऊ उचलीचं ओझं डोक्यावर घेऊन. ते पाचटाच्या खोपीत राहतात. ऑक्टोबरातला परतीचा पाऊस लांबला की हंगाम पुढे सरकतो, आणि शेवटची तोड मार्च-एप्रिलच्या उन्हात येते. बाईमाणूस त्या उन्हात मोळी उचलतं. साखर ज्या शीतपेयाच्या बाटलीत जाते, तिच्यावर या उन्हाचा हिशेब कुठे नसतो. तेव्हा कारखान्यांनाही बोलवा, सहकारी असोत की खासगी. सभासद म्हणून माझी त्याला हरकत नाही, आणि ज्याची असेल त्याने सुनावणीत येऊन सांगावी.

माझी मागणी मोठी नाही. आयोगाने कृष्णा खोऱ्यातल्या पुराचा आणि उन्हाचा, मानवी हक्कांच्या अंगाने आणि कंपन्यांच्या वाट्यासह आढावा घ्यावा. उत्सर्जनाचे आकडे, आतल्या सल्ल्यांची कागदपत्रं आणि विम्याचे अंदाज कंपन्यांकडे मागावेत. त्यांनी दिले नाहीत, तर तसं नावानिशी छापावं. संसदेने एक वर्षाची मुदत अशा नुकसानाला लागू करू नये, अशी शिफारस करावी. आणि सुनावणी दिल्लीत न घेता कोल्हापुरात घ्यावी.

तारखेबद्दल एक सूचना. जून ते सप्टेंबर ठेवू नका, रस्त्याची खात्री नाही. मे महिनाही नको, तेव्हा शेतकरी मोकळा असतो पण तोडणीच्या टोळ्या गावी परतलेल्या असतात. जानेवारी बरा. त्या महिन्यात आम्ही आणि ते दोघंही फडावर असतो, आणि एका दिवसाचा खाडा दोघांनाही परवडेल असं बघता येईल.

आपला,
एक ऊस उत्पादक सभासद
बिद्री, ता. कागल, जि. कोल्हापूर