ती सहीची जागा रिकामी आहे

गळीत हंगाम सुरू झाला की रात्री लांबतात. कुठे बंद घराचं कुलूप फुटतं, कुठे विहिरीवरची मोटर जाते, आणि सकाळी पारावर कुणीतरी बोलून जातं, "पारध्यांच्या पालावर बघा, तिथंच सापडेल." पुढचं त्याला दिसत नाही. ते गावाबाहेर होतं, रात्री दोन-तीनच्या सुमाराला. म्हणूनच ही विनंती हंगामाच्या तोंडावर, घाईनं करतो आहोत.

पोलिसांच्या गाडीचा उजेड दिसला की वस्ती रानात पळते. ज्यानं काहीच केलेलं नाही तोही पळतो, कारण न केलेल्या चोरीचा मार त्याच्या बापानं खाल्लेला असतो. पोटुशी पळते. तान्ह्या पोराच्या तोंडावर हात ठेवून आई उसात रात्र काढते. क्षयाचा पेशंट पळतो तेव्हा गोळ्या पालातच राहतात. साधा क्षय बरा व्हायला सहा महिने गोळ्या लागतात. त्याचं घर तिसऱ्याच महिन्यात रातोरात तालुका सोडतं. गोळ्यांत असा खंड पडत राहिला की जंतू औषधाला जुमानेनासे होतात, आणि मग तो खोकला एसटीत, बाजारात, शाळेच्या बाकावरही पोचतो. नोंदवहीत मात्र एवढाच शेरा पडतो, 'उपचार सोडला'. सोडला की सोडायला लावला, याला वहीत रकाना नाही.

मार बसलेला माणूस सरकारी दवाखान्याची पायरी चढत नाही. एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची जखमांची नोंद, झाली की कागद पुन्हा ठाण्यातच जाणार, हे त्याला माहीत असतं. हाड वाकडं जुळतं, तसंच राहतं. आम्ही लसीची पेटी घेऊन गेलो तरी पहिला प्रश्न येतो, "साहेबांनी पाठवलंय का?"

ही भीती आजची नाही. 1871च्या कायद्यानं जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. हजेऱ्या लावल्या, सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये माणसं तारेच्या कुंपणाआड ठेवली. 31 ऑगस्ट 1952 रोजी तो कायदा गेला. पारावरचं वाक्य गेलं नाही.

चोरी झाली तर तपास व्हायलाच हवा. पारध्यांत चोर नाहीत असंही आमचं म्हणणं नाही. कुठल्या जातीत नाहीत? आणि रात्री दोनला पालावर येणारा हवालदारही दिवसभराची ड्युटी करून आलेला असतो. 'आरोपी आणा' हा तगादा त्याच्यामागे आपणच लावलेला असतो, हे विसरू नका.

आता कायदा काय म्हणतो ते ऐका. डी. के. बसू खटल्यात 1996 साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की अटक करताना पंचनाम्यासारखा एक कागद करायचा, वेळ आणि तारीख घालून. त्यावर घरच्या माणसाची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही घ्यायची. कोठडीत दर 48 तासांनी डॉक्टरनं तपासायचं. जुलै 2024पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ती सही आहे. 'प्रतिष्ठित' हा शब्द एरवी लग्नपत्रिकेत मिरवतो. इथं तो एखाद्याची बरगडी वाचवू शकतो.

वस्तीजवळच्या प्रत्येक गावातून आम्हाला अशी चार माणसं हवीत. शिक्षक, किराणा दुकानदार, निवृत्त तलाठी, सोसायटीचा सचिव, कुणीही. तुमचा नंबर पालावर राहील. फोन आला की मोटारसायकल काढायची आणि यायचं. भांडायचं नाही, आडवं पडायचं नाही. कुणाला नेताय, कुठल्या गुन्ह्यात, कुठल्या ठाण्यात, एवढं विचारायचं. कागद मागायचा, वाचून सही करायची. बाईला नेत असतील तर सूर्यास्तानंतर अटक करायला महिला अधिकारी आणि दंडाधिकाऱ्यांची आगाऊ परवानगी लागते, ती दाखवा म्हणायचं. दुसऱ्या दिवशी जखमी असेल त्याच्यासोबत केसपेपरच्या खिडकीपाशी उभं राहायचं. डॉक्टर मंडळींनो, आधी उपचार, मग पोलिसांचे कागद, हे न्यायालयानं 1989 सालीच सांगून ठेवलंय.

नाव द्यायला येत्या रविवारी संध्याकाळी वस्तीवरच या. येताना टॉर्च आणा, कॅनॉलच्या पुढे रस्त्याला दिवे नाहीत.