सुटलेल्या संसर्गाचा हिशेब

जुलै २०२१च्या अखेरीस केरळ सरकार राजधानीत टीकेचे लक्ष्य बनले होते. देशात रोज आढळणाऱ्या नव्या करोनाबाधितांपैकी निम्म्याच्या आसपास एकट्या त्या राज्यातील होते. नेमके तेव्हाच केंद्राने भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) चौथ्या सेरो सर्वेक्षणाचे राज्यवार आकडे जाहीर केले. रक्तात प्रतिपिंडे आढळलेल्यांचे प्रमाण मध्य प्रदेशात ७९ टक्के, महाराष्ट्रात ५८, तर केरळात अवघे ४४.४ टक्के होते. रुग्णसंख्येत आघाडीवरचे राज्य प्रतिपिंडांत पाहणी झालेल्या २१ राज्यांत शेवटचे ठरले.

या विसंगतीचे उत्तर चाचण्यांच्या स्वरूपात आहे. आरटी-पीसीआर चाचणी विषाणूचे अस्तित्व शोधते. परंतु लक्षणेच नसलेला माणूस सहसा तिच्याकडे वळत नाही. प्रतिपिंडे संसर्गानंतर काही दिवसांनी तयार होतात आणि कित्येक महिने टिकतात. त्यामुळे ताज्या निदानासाठी ती कुचकामी, परंतु नोंदीतून सुटलेल्या संसर्गाच्या मोजदादीसाठी मोलाची ठरतात. मे-जून २०२०च्या पहिल्या सर्वेक्षणात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने विकसित केलेली एलायझा चाचणी वापरली गेली. प्रौढांतील प्रमाण ०.७३ टक्केच निघाले. मात्र त्याचा अर्थ नोंदलेल्या प्रत्येक रुग्णामागे ८२ ते १३० संसर्ग झाले होते.

यातील पहिला आकडा टाळेबंदीच्या यशाचा पुरावा म्हणून मांडला गेला. जानेवारी २०२१मध्ये संपलेल्या तिसऱ्या सर्वेक्षणात प्रमाण सुमारे २१ टक्के होते; म्हणजे पाचांपैकी जवळपास चौघे असुरक्षितच होते. तरीही ७ मार्च रोजी तत्कालीन आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन यांनी महासाथ अखेरच्या टप्प्यात असल्याचे सांगितले. एप्रिलमध्ये दुसऱ्या लाटेत दिल्लीची रुग्णालये प्राणवायूसाठी याचना करीत होती.

चौथ्या सर्वेक्षणालाही मर्यादा होत्या. त्यातील काही प्रतिपिंडे लसीकरणाची होती आणि ७० जिल्ह्यांच्या नमुन्यावरून प्रत्येक जिल्ह्याचे धोरण ठरवता येत नव्हते. म्हणूनच केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने राज्यांना स्वतंत्र पाहण्या करण्याची सूचना केली. तथापि केरळाच्या आकड्यातून दोन गोष्टी सूचित होत होत्या: तेथे संसर्गाचा फैलाव तुलनेने रोखला गेला होता आणि झालेल्या संसर्गाची नोंद अधिक चोख होती. कमी रुग्ण दाखवणाऱ्या राज्याला शाबासकी आणि अधिक शोधणाऱ्याला दूषणे हाच न्याय रूढ झाला, तर पुढील साथीत चाचण्या कमी करणेच राज्यांना शहाणपणाचे वाटेल.