खुराक वगळून तालीम

ताकद म्हणजे काय, हे अहिल्यानगर जिल्ह्याला नव्याने सांगावे लागत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये शहरातल्या वाडिया पार्कवर महाराष्ट्र केसरीचा आखाडा भरला, पंचांच्या निर्णयावरून वादही रंगला आणि गदा पृथ्वीराज मोहोळ यांनी नेली. गावोगावच्या यात्रांमध्ये आजही कुस्त्यांचा फड लागतो. पण तालमीतले एक जुने गणित डोक्यात इतके पक्के बसले आहे की जिमच्या दारात ते आडवे येते. अंग कमवायचे तर वजन उचला आणि वजन उचलायचे तर खुराक लावा, हे ते गणित. पैलवानाला ते लागू पडते. मात्र त्यातूनच उलटा निष्कर्ष निघाला, की ज्याला पोट उतरवायचे आहे त्याने वजनाच्या वाटेला जाऊ नये. त्याने पळावे, घाम गाळावा आणि डंबेल उचललेच तर हलके उचलावे.

सावेडीपासून केडगावपर्यंत आणि संगमनेर, श्रीरामपूर, कोपरगावसारख्या तालुक्यांच्या गावी आता जिम रुजल्या आहेत. तिथे जाणाऱ्या चाळिशीतल्या पोटवाल्या माणसापुढे साधारण दोन पर्याय ठेवले जातात. एक म्हणजे भिंतीवरचा तक्ता. सोमवारी छाती, मंगळवारी पाठ, बुधवारी खांदे, असा सहा दिवसांचा. दुसरा म्हणजे ‘फॅट लॉस पॅकेज’. त्यात दोन-तीन किलोचे डंबेल पंचवीस-पंचवीस वेळा, उड्या, दोरी आणि शेवटी ओलाचिंब टी-शर्ट. पहिला तक्ता शरीरसौष्ठवाच्या स्पर्धेत उतरणाऱ्यांचा. नवशिक्याचा बुधवार चुकला की त्याचे खांदे आठवडाभर राहून जातात. दुसऱ्यात जाते ते मुख्यतः पाणी, आणि तांब्याभर पाणी प्यायले की काटा पुन्हा जागेवर येतो.

चरबी कमी करण्यासाठी वजन उचलण्याचा असा काही वेगळा कार्यक्रम नसतो. नवशिक्याने ताकद वाढवण्यासाठी जे करायचे तेच चरबी उतरवू पाहणाऱ्यानेही करायचे. फरक पडतो तो ताटात. यावर विश्वास बसायला थोडा हिशेब मांडावा लागेल.

पाऊण तास वजने उचलल्यावर साधारण दीडशे ते अडीचशे कॅलरी खर्च होतात, म्हणजे फार तर एक वडापाव. ‘स्नायू वाढले की झोपेतही चरबी जळते’ ही जाहिरात खरी आहे, पण किती जळते ते ती सांगत नाही. एक किलो स्नायू स्वस्थ बसलेल्या शरीरात दिवसाला सुमारे तेरा कॅलरी वापरतो. बऱ्याच मेहनतीने दोन किलो स्नायू कमावले, तर रोजची बचत चहातल्या दीड चमचा साखरेएवढी. आता दुसरी बाजू पाहा. सहकारी साखर कारखानदारीचा पाया घालणाऱ्या या जिल्ह्यात दिवसाला सहा चहा ही काही नवलाची गोष्ट नाही. प्रत्येक कपात दोन चमचे साखर धरली तर सुमारे दोनशे कॅलरी होतात. म्हणजे जिमच्या एका खेपेची सगळी कमाई, आणि तीही रोज. जिम आठवड्यातून तीन दिवस असते, चहा सात दिवस असतो.

मग वजने उचलायची कशाला? नुसते खाणे कमी करून वजन उतरवले तर उतरलेल्या वजनात सगळी चरबी नसते. साधारण पाव हिस्सा स्नायूंसारख्या बिनचरबीच्या भागाचा असतो. स्नायूंना भार मिळत राहिला आणि पोटात पुरेशी प्रथिने गेली, तर शरीर स्नायू राखते आणि तूट चरबीतून भरून काढते. वजनाच्या व्यायामाचे खरे काम हे राखणीचे आहे. राखण करायची तर भार पुरेसा जड हवा. दोन किलोच्या डंबेलने मांडीला काही निरोप पोचत नाही.

मराठी माणसासाठी ही राखण अधिक महत्त्वाची का, याचे उत्तर पुण्यात सापडले. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील मातांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. जन्मतः हाडकुळी दिसणारी ही बाळे स्नायूंच्या बाबतीत गरीब होती, पण चरबी त्यांनी राखून ठेवली होती. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी स्वतःचेच उदाहरण छापले. दोघांचा बॉडी मास इंडेक्स एकच, २२.३. चरबीचे प्रमाण मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. एक जण जमेल तेव्हा मॅरेथॉन धावणारा, तर दुसऱ्याचा मुख्य व्यायाम रुग्णालयाच्या लिफ्टचे दार बंद होण्याआधी गाठण्याचा, असेही दोघांनी मिश्कीलपणे नोंदवले होते. अर्थात सगळा दोष लिफ्टचा नव्हता. पिढ्यांचे पोषण आणि गर्भातली अवस्था यांचाही त्यात वाटा असावा, असे त्यांचे म्हणणे होते.

म्हणजे काट्यावर ठीक दिसणारा माणूस आतून चरबीचा आणि स्नायूंचा दुबळा असू शकतो. जेवणानंतर रक्तातली साखर मोठ्या प्रमाणात शोषून घेणारे कोठार म्हणजे स्नायू. ते आधीच लहान असताना उपाशी राहून आणखी लहान करणे हा तोट्याचा सौदा आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीत देशातल्या १०.१ कोटी लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज आला आणि पोटावर चरबी असणाऱ्या प्रौढांचे प्रमाण ३९.५ टक्के निघाले. त्यामुळे वजनकाट्याइतकाच शिंप्याचा टेपही जवळ हवा. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, सहज श्वास सोडून मोजायचे. पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटीमीटर ही भारतीयांसाठीची धोक्याची रेषा. नवशिक्याच्या पहिल्या काही महिन्यांत चरबी उतरते आणि स्नायू थोडे वाढतात, म्हणून काटा हलत नाही, पण पट्ट्याला नवे भोक पाडावे लागते. नेमक्या याच काळात ‘फरकच पडत नाही’ म्हणून जिम सोडणारे फार.

आता कार्यक्रमाकडे. भार हळूहळू वाढवत नेण्याची पद्धत शास्त्राच्या चौकटीत आणली ती थॉमस डिलॉर्म या अमेरिकी लष्करी डॉक्टरने. दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेल्या सैनिकांच्या दुबळ्या झालेल्या पायांना त्याने वजने बांधली, ती वाढवत नेली आणि १९४५ मध्ये निष्कर्ष छापले. तेव्हापासून तत्त्व बदललेले नाही. नवशिक्याला आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस पुरतात, मध्ये एकेक दिवस विश्रांती आणि प्रत्येक खेपेला सगळे शरीर. त्यात पाच हालचाली याव्यात. बैठक, जमिनीवरून वजन उचलणे, समोर किंवा डोक्यावर ढकलणे, स्वतःकडे ओढणे आणि हातात वजन घेऊन चालणे. प्रत्येकाचे दोन-तीन सेट, एकेका सेटमध्ये आठ ते बारा वेळा. सेट थांबवावा तेव्हा आणखी दोनदा जमले असते असे वाटायला हवे. सगळ्या सेटमध्ये बारा जमू लागले की पुढच्या खेपेला पायांच्या व्यायामात अडीच किलो वाढवावे, हातांच्या व्यायामात त्याहून कमी. आणि हे सगळे वहीत लिहावे. वही नसेल तर तीन महिन्यांनीही माणूस तोच डंबेल उचलत असतो.

नवशिक्यांसाठी गाजलेले तयार कार्यक्रमही आहेत. पाच सेट, पाच वेळा हे सूत्र किंवा मार्क रिपटो यांचे ‘स्टार्टिंग स्ट्रेंग्थ’. त्यांचा सांगाडा चांगला आहे. मोजके व्यायाम, तीन दिवस आणि दर खेपेला थोडी वाढ. पण त्यांच्यासोबत फिरणारा आहाराचा सल्ला जपून घ्यावा. सडपातळ पोरांनी वजन वाढवण्यासाठी रोज गॅलनभर दूध प्यावे, असा सल्ला त्या वर्तुळात प्रसिद्ध आहे. अमेरिकी गॅलन म्हणजे पावणेचार लिटर. टेक्सासचा रिपटो आणि श्रीगोंद्याचा वस्ताद यांची गाठ पडली असती तर खुराकाच्या मुद्द्यावर त्यांचे लगेच जमले असते! पोट उतरवणाऱ्याने त्यांचा व्यायाम घ्यावा आणि दुधाची कासंडी तिथेच ठेवावी. कमी खाऊन दर खेपेला वजन वाढवणे काही महिन्यांनी जमेनासे होते, त्यात बिघडले काही नाही. आकडा टिकून राहिला तरी राखण चालू आहे. आकडा घसरू लागला तर मात्र जेवण फार तोडले आहे किंवा झोप पुरत नाही, असे समजावे.

जेवणात दिवसाला तीनशे ते पाचशे कॅलरींची तूट पुरेशी. आठवड्याला अर्धा किलो उतरला तर घाई करण्याचे कारण नाही. प्रथिने मात्र वाढवावी लागतात. सर्वसाधारण माणसासाठी शिफारस शरीराच्या किलोमागे ०.८३ ग्रॅमची आहे. वजन उतरवताना ती १.२ ग्रॅमच्या पुढे ठेवणे बरे, म्हणजे ऐंशी किलोच्या माणसाला सुमारे ९५ ग्रॅम. अर्धा लिटर दुधात किंवा त्याच्या दह्यात सोळा, दोन अंड्यांत बारा, शंभर ग्रॅम कोरड्या मटकीत किंवा हरभऱ्यात वीस, पन्नास ग्रॅम सोयाबीन वड्यांत सव्वीस, दोन बाजरीच्या भाकरींत दहा आणि वाटीभर वरणात सहा-सात. एवढ्यात नव्वदी गाठली जाते. शेंगदाण्याला प्रथिनांचा म्हणून मान आहे, पण त्याचा निम्मा भाग तेल आहे. ठेचा-चटणीपुरता तो ठीक, मूठमूठ खाल्ला तर तूट तिथेच भरून निघते. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी प्रथिने वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

गंमत अशी की पहाटे संघाला दूध घालणाऱ्या घरातला पोरगा संध्याकाळी हजारो रुपयांचा व्हे प्रोटीनचा डबा आणतो. चीज-पनीर करताना सुटणाऱ्या पाण्यातलेच ते प्रथिन. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत अंग कमवण्यासाठी असे पूरक घेणे टाळा, असे म्हटले आहे. घरी दुभते असताना तर डब्याची गरजच नाही. डब्याच्या पुढची पायरी इंजेक्शनची. शस्त्रक्रियेच्या वेळी घसरलेला रक्तदाब वाढवण्यासाठी असलेले मेफेंटरमाइन हे औषध ‘जोर येतो’ म्हणून चोरून विकले जाते आणि राज्यात पोलिसांनी त्याचे साठे पकडलेही आहेत. ज्या जिममध्ये सुईची कुजबुज ऐकू येते तिथून पैसे बुडाले तरी बाहेर पडावे.

‘शेतात राबणाऱ्याला हे कशाला?’ असा प्रश्न येणारच. पाथर्डीहून उसाच्या फडावर जाणाऱ्या आणि डोक्यावर मोळी घेऊन ट्रॉलीवर चढणाऱ्या मजुराला हे सांगायला जाणे ही थट्टा होईल. प्रश्न त्याचा नाही. ज्यांची शेती ट्रॅक्टरवर, येणे-जाणे मोटारसायकलवर आणि दिवस खुर्चीवर गेला, पण भाकरींची संख्या वडिलांएवढीच राहिली, त्यांचा आहे.

बायकांच्या मनात वेगळीच भीती असते, अंग पुरुषी होईल अशी. मावळातल्या वडगावच्या हर्षदा गरुडने २०२२ मध्ये ग्रीसमध्ये ज्युनियर जागतिक वेटलिफ्टिंगचे सुवर्ण जिंकले. गट ४५ किलोचा होता आणि दोन प्रकारांत मिळून तिने १५३ किलो उचलले. वर्षानुवर्षे जड वजने उचलूनही ती पंचेचाळीस किलोच्या गटात बसत होती. घरच्या कामातून आठवड्यातले तीन तास काढणाऱ्या गृहिणीचे खांदे रुंद होण्याची काळजी त्यामुळे सोडून द्यावी. ते तीन तास मिळणे हीच खरी अडचण आहे. जिमला जाता येत नसेल तर खुर्चीवरून ऊठबस, ओट्यावर हात टेकून जोर आणि दोन्ही हातांत पाण्याच्या कळशा घेऊन अंगणात फेऱ्या, एवढ्यावरही पहिले दोन महिने निघतात. कळशीत पाणी वाढवता येते, ही तिची मोठी सोय.

सुरुवातीआधी रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी. जिना चढताना छातीत दाटून येत असेल, हर्निया असेल किंवा डोळ्यांच्या पडद्याला मधुमेहाने धक्का बसला असेल, तर आधी डॉक्टर, मग जिम. इन्सुलिन किंवा साखर एकदम उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना जेवण कमी करताना औषधाचा डोसही तपासून घ्यावा लागतो. वजन उचलताना श्वास कोंडू नये, जोर लावताना सोडावा.

नागापूर किंवा सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत पाळ्या बदलत राहतात, कारखान्याच्या गाळपात चार-पाच महिने कोणाला उसंत नसते, कांदा काढणीला आला की बाकी सगळे मागे पडते. पैसे भरताना कार्यक्रमाला हाच एक प्रश्न विचारावा, की खाडे पडले तर काय? सहा दिवसांच्या तक्त्याकडे त्याचे उत्तर नसते. सगळ्या शरीराच्या कार्यक्रमात रात्रपाळीच्या आठवड्याला तीनऐवजी दोनच दिवस आणि प्रत्येक व्यायामाचा एक सेट कमी करावा, वजन तेवढेच ठेवावे. सलग दोन-तीन आठवडे बुडाले तर वहीतल्या शेवटच्या आकड्यातून दहावा हिस्सा वजा करून पुन्हा सुरू करावे. बहुतेकांचा जुना आकडा थोड्याच खेपांत परत येतो.