चूक बोटाची की चापाची?

२०२४ च्या डिसेंबरात आमच्या घरात जवळजवळ तीन आठवडे बाप-लेकीचा अबोला होता. कारण सांगितले तर हसाल. कारण होते एक स्क्रू, तांदळाच्या दाण्याहून फार मोठा नसलेला.

आमची धाकटी लेक पुण्यात नेमबाजी करते. पन्नास मीटर अंतरावर, पॉइंट टू-टू रायफलने, पालथे पडून. त्या लक्ष्यातले दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते, म्हणजे सदऱ्याच्या बटणाएवढे. तिच्या नऊ गोळ्या त्या बटणात किंवा त्याला चिकटून बसायच्या आणि दहावी एकदम आठात, कधी सातात. "बाबा, चाप फसवतोय," ती म्हणायची. मी पिंपरीच्या एका कारखान्यात, टूलरूममध्ये बत्तीस वर्षे काढलेला माणूस. हत्याराला दोष देणारे कामगार मी पुष्कळ पाहिले होते. "नाचता येईना, अंगण वाकडे," मी म्हणालो. तिचे प्रशिक्षकही म्हणत होते की ती बोटाला हिसका देते. मग तिने सांगणेच बंद केले. मुले सांगायची थांबतात तेव्हा आपल्याला वाटते, पटले वाटते त्यांना!

या चापाची गंमत समजून घ्यायला हवी. सिनेमातल्या बंदुकीसारखा तो ओढायचा नसतो. स्पर्धेच्या रायफलचा चाप बहुधा दोन टप्प्यांचा असतो. पहिल्या टप्प्यात तो हलकेच मागे येतो आणि एका ठिकाणी थबकतो. जणू उंबरठाच. नेमबाजाचे बोट त्या उंबरठ्यावर वाट पाहत राहते. श्वास थांबला, नेम स्थिरावला की किंचित दाब वाढतो आणि गोळी सुटते. हा सगळा दाब मिळून शंभर ग्रॅमच्या आसपास, म्हणजे दोन अंड्यांच्या वजनाएवढा. दहा मीटर एअर पिस्तुलाला निदान पाचशे ग्रॅमची अट आहे, पण पन्नास मीटर रायफलला अशी किमान अटच नाही. त्यामुळे जो तो चाप हलका करण्याच्या मागे. वजन कमी म्हणजे गुण जास्त, असा एक समज रेंजवर पसरलेला आहे आणि मीही त्याला बळी पडलो होतो. ते पुढे येईलच.

उंबरठा रोज त्याच जागी असेल तर वजन शंभर की दीडशे, याने फारसे बिघडत नाही. तो जागा बदलू लागला की मात्र संपले. अंधारात जिना उतरताना एक पायरी जास्त निघावी, तसे बोटाचे होते. मग पुढच्या प्रत्येक गोळीला बोट घाबरते आणि खरोखरच हिसका देऊ लागते. प्रशिक्षकांना दिसला तो हाच हिसका. तो खोटा नव्हता, पण तो रोग नव्हता, लक्षण होते.

कोडे सोडवायला सुरुवात केली ती हिच्या आईने. तिला रायफलीतले काही कळत नाही, पण घरखर्चाची वही तीस वर्षे लिहिल्याने आकड्यांतली खोट तिला दिसते. मुलीच्या सरावाची डायरी चाळताना ती म्हणाली, "हिच्या बहुतेक सगळ्या वाईट गोळ्या सकाळी नऊच्या आतल्याच आहेत की!" बोटाला काय घड्याळ कळते? मी गप्प बसलो आणि रायफल बाहेर काढली.

आधी बोल्ट काढला आणि चेंबर रिकामे असल्याचे दोघांनी पाहिले. हा नियम कितीही घाई असली तरी मोडू नये. मग दस्त्याचे स्क्रू घट्ट आहेत ना, चापाची पट्टी कुठे घासत नाही ना, हे पाहिले. त्यानंतर बोल्ट लावून नळी उभी धरली, चापाला हूक अडकवून वजने टांगली आणि दहा नोंदी घेतल्या. दुपारी दोन वाजता आकडे ९५ ते १०५ ग्रॅममध्ये. अगदी शहाणे. दुसऱ्या दिवशी पहाटे रायफल गॅलरीत ठेवली आणि साडेसहाला पुन्हा मोजले. एकदा ९०, एकदा १६०, मग १२०. लेक शेजारी उभी राहून आकडे लिहीत होती. एक शब्द बोलली नाही.

चाप उघडल्यावर उत्तर समोरच होते. रेंजवरच्या एका अनुभवी गृहस्थांनी मायेपोटी आत भरपूर तेल सोडले होते. धूळ बसून त्याची तपकिरी खळ झाली होती. दुपारी ती पातळ व्हायची आणि थंडीत घट्ट. सगळे धुऊन कोरडे केले. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

डायरीत दुपारच्याही दोन वाईट गोळ्या होत्या. त्या मी सोयीस्करपणे विसरलो होतो.

सफाईनंतर रिकामा बोल्ट जरा जोरात लावून पाहिला, तर चापाला हात न लावता आत 'टक्' झाले. फायरिंग पिन आपोआप सुटली होती. दहांत तीनदा! आत गोळी असती तर? अंगावर काटा आला. चापाच्या आत पोलादाचे दोन दात एकमेकांवर केसभर टेकलेले असतात, त्याला सिअर म्हणतात. ती टेकण इतकी कमी झाली होती की धक्क्यानेच सुटत होती. आतापर्यंत त्या घट्ट तेलानेच ते दात कसेबसे धरून ठेवले असावेत.

टेकण कमी केली होती कोणी? मीच. दिवाळीच्या सुट्टीत, चाप जरा 'कुरकुरीत' व्हावा म्हणून एक स्क्रू पाव फेरा फिरवला होता. खूण केली नव्हती, वहीत लिहिले नव्हते. कारखान्यात एखाद्या शिकाऊ पोऱ्याने असे केले असते तर मी त्याला उभा जाळला असता. "घरी कोरड्या सरावात एकदा टक् झालं होतं," लेक म्हणाली. "मी सांगितलं होतं तुम्हाला." सांगितले होते खरे.

याची किंमत केवढी असते, हे मोठ्यांनाही चुकलेले नाही. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये अमेरिकेचा मॅथ्यू एमन्स तीन स्थितींच्या अंतिम फेरीत शेवटच्या गोळीपर्यंत आघाडीवर होता. बोट हलक्या चापावर क्षणभर आधी टेकले, गुण मिळाले ४.४ आणि तो चौथा गेला. टोकियोला २०२१ साली मनू भाकरचे पिस्तूल ऐन फेरीत बिघडले, वेळ गेला आणि अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. पॅरिसला २०२४ मध्ये तिने दोन कांस्यपदके मिळवली, पण मधली तीन वर्षे तिला कोणी परत देणार आहे का?

त्याच पॅरिसला कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पन्नास मीटर रायफलमध्ये कांस्यपदक जिंकले. आपण हार घातले, मिरवणुका काढल्या, ते योग्यच झाले. पण मुलांच्या हाती रायफली देताना त्या दुरुस्त कोण करणार, हे आपण विचारत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे बंदूकदुरुस्तीच्या धंद्याला परवाना लागतो, आणि तो लागलाच पाहिजे. मात्र परवानाधारक कारागिरांपैकी अनेकांचा हात बसलेला असतो तो बारा बोअरच्या बंदुकीवर. केसभर टेकणीचा चाप ही वेगळीच विद्या आहे. माझे स्पष्ट मत आहे, जिल्हा पातळीच्या प्रत्येक स्पर्धेला पंच असतो तसा एक जाणकार दुरुस्तीवाला असावा. संघटनांनी प्रशिक्षकांच्या बरोबरीने अशी माणसे तयार करावीत. टूलरूममधून निवृत्त झालेली माझ्यासारखी किती तरी माणसे या शहरात रिकामी बसली आहेत. शिकवा आम्हाला! न शिकता हात घातला की काय होते, ते मी वर लिहिलेच आहे.

आमची रायफल शेवटी एका परवानाधारक कारागिराकडे गेली. त्यांनी टेकण पुन्हा लावली, बोल्ट पंचवीसदा आपटून पाहिला आणि वजन मुद्दाम थोडे वाढवून दिले. लेकीचे गुण लगेच वाढले नाहीत. बोटाची भीती जायला दोन महिने लागले.

आता रायफलीच्या पेटीत एक छोटी वही असते. कोणता स्क्रू, किती फेरा, कोणी, कधी, असे रकाने तिने आखले आहेत. पहिल्या ओळीत तिच्या वळणदार अक्षरात लिहिले आहे : बाबा, पाव फेरा, दिवाळी.