भिंतींना नटवू नका

दिवाळीच्या अंकात मरणाची गोष्ट काढू नये, असा संकेत आहे. तो मी आज जाणूनबुजून मोडतो आहे. कारण जालियनवाला बागेत जे मारले गेले, त्यांतले कित्येक सणालाच आलेले होते. १३ एप्रिल १९१९ हा बैसाखीचा दिवस. डॉ. किचलू आणि डॉ. सत्यपाल यांच्या अटकेच्या आणि रौलट कायद्याच्या निषेधाची सभा तिथे होती खरी. पण सुवर्णमंदिरात माथा टेकून, गुरांच्या जत्रेतला सौदा आटोपून नुसते विसाव्याला आलेले खेडूतही तिथे होते. सभाबंदीचा हुकूम त्यांतल्या अनेकांच्या कानी गेलाही नव्हता.

गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत मुलाबाळांसह अमृतसरला जाण्याचा योग आला. भर वस्तीतून बागेत शिरायला एक अरुंद बोळ आहे. पूर्वी त्याच्या दोन्ही बाजूंना साध्या विटांच्या भिंती होत्या. २०२१ साली बागेचे नूतनीकरण झाले आणि त्या भिंतींवर माणसांची शिल्पे आली. चेहरे हसरे, पावले सणाच्या घाईची. लोक त्या शिल्पांच्या खांद्याला खांदा लावून हौसेने छायाचित्रे काढून घेत होते. माझी धाकटी मुलगी एका चेहऱ्यावरून हात फिरवीत म्हणाली, "बाबा, इथे जत्रा भरते का?"

मुलीला मी काय रागावणार? तिने भिंत वाचली आणि भिंतीवर जे लिहिले होते तेच ती बोलली. राग आला तो असे लिहिणाऱ्यांचा.

कारण तो बोळ म्हणजे बागेची नुसती वाट नव्हे. तो या खटल्यातला साक्षीदार आहे. जनरल डायरने दोन चिलखती मोटारी बरोबर आणल्या होत्या. त्या बाहेरच राहिल्या, कारण बोळ अरुंद! मोटारी आत नेता आल्या असत्या, तर बहुधा मशीनगनही चालविल्या असत्या, असे त्याने हंटर समितीपुढे स्वतः कबूल केले. आत पन्नास शिपायांनी कोणतीही पूर्वसूचना न देता सुमारे दहा मिनिटांत १६५० गोळ्या झाडल्या. सरकारी आकडा ३७९ मृतांचा. काँग्रेसच्या चौकशीचा अंदाज हजाराच्या आसपास. तो बोळ किती अरुंद आहे, हे अंगाला भिंती लागल्याखेरीज कळत नाही. आणि हसऱ्या चेहऱ्यांकडे बघत चालणाऱ्याचे लक्ष भिंतींकडे कुठून जाणार?

यावर प्रतिपक्ष म्हणतो, "मास्तर, नुसत्या विटा बघून मुलांना काय समजणार? चित्र हवे, प्रकाश हवा, आवाज हवा!" मी वीस-बावीस वर्षे मुलांना शिकवतो आहे. मुलांना कळत नाही, हे बहुतेक वेळा मोठ्यांचेच निमित्त असते. सांगणारा नीट सांगत असेल, तर उघड्या भिंतीपुढे वर्गातले सर्वांत दांडगे पोरही गप्प होते. डागडुजी अवश्य करा. विहिरीला कठडा हवा, बसायला सावली हवी, प्यायला पाणी हवे. चित्रेही लावा, पण ती संग्रहालयात. साक्षीदाराला रंगरंगोटी करून कोर्टात उभे करीत नाहीत!

त्या काळच्या माणसांनी हे काम कसे केले, तेही पाहा. गांधीजी, चित्तरंजन दास, अब्बास तय्यबजी आणि आपल्या मुंबईचे बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांनी काँग्रेसच्या वतीने चौकशी केली. सतराशेंहून अधिक साक्षीदारांचे म्हणणे तपासले आणि त्यांतल्या सुमारे साडेसहाशे जबान्या निवडून १९२० साली छापल्या. त्यांत रतनदेवीची जबानी आहे. रात्री आठनंतर बाहेर पडण्याची बंदी, म्हणून नवऱ्याचे प्रेत उचलायला कोणी येईना. ती बाई हातात बांबूची काठी घेऊन, कुत्र्यांना हाकलीत, रात्रभर त्याच्याजवळ बसून राहिली. त्या जबानीत एकही अलंकार नाही. जयकरांसारख्या पट्टीच्या वक्त्यालाही तिच्यात आपला शब्द घालावासा वाटला नाही. मग शंभर वर्षांनंतर आपल्यालाच एवढी हौस का?

दोष एकट्या सरकारचा नाही. आपण प्रेक्षक म्हणून जातो, म्हणून आपल्यापुढे देखावा मांडला जातो. वाचकहो, सुट्टीत अमृतसरला जाल तेव्हा बोळाच्या तोंडाशी घटकाभर थांबा. मुलांना आधी सारी हकीकत सांगा आणि मगच आत न्या. तिथे छायाचित्र काढू नका. आणि घरी परतल्यावर एक पत्र लिहून ती शिल्पे संग्रहालयात हलवा, अशी मागणी सरकारकडे करा. माझे पत्र गेले आहे. उत्तर अजून यायचे आहे.